चिपीचे विमान आणि कोकणचा उतारू

नवी मुंबईत स्थायिक झालेल्या कोकणवासीयांना परुळे-चिपीचा विमानतळ ऐकून ठाऊक आहे. तेथे उतरलेले थोडेच. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. कुरटे बेटावरचा किल्ला आणि तारकर्लीची पुळण पाहावयास पाहुणे यावेत, म्हणून ९ ऑक्टोबर २०२१ रोजी हा विमानतळ सुरू झाला. मुंबईचे विमान ‘उडान’ योजनेतले. निम्म्या जागांचे भाडे मर्यादित ठेवायचे आणि येणारी तूट तीन वर्षे सार्वजनिक निधीतून भरायची, असा तिचा व्यवहार. २०२४ च्या ऑक्टोबरात मुदत संपली आणि त्याच महिन्यात विमानही थांबले! शिवाय गोव्याच्या हद्दीत मोपा २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला. सावंतवाडीच्या उतारूला तो जवळचा.

राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली. त्यासाठी कोणा कंपनीची तूट भरावी लागली नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. पण तिचा बहुतांश मार्ग अजून एकेरीच आहे, आणि गणपतीला जाणारा गिरणीकामगाराचा मुलगा संडासाच्या दाराशी उभा राहून गाव गाठतो.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झाला आहे. येथून चिपीला विमान मागणारे अर्ज निघतील, जरूर निघावेत. मालवणच्या होडीवाल्याचे पोट त्यात आहे. मात्र अनुदान सरल्यावर तूट कोण सोसणार, हे त्याच अर्जात विचारावे. आणि पनवेलवरून जाणाऱ्या गाड्यांना साधे डबे वाढवण्याची मागणी त्याच्या वर लिहावी.