संशोधनाचे पहिले वर्ष : नियम आणि सोयी
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



आज ज्यांचा सत्कार झाला, त्यांपैकी काही मुलेमुली विज्ञानात एम. एस्सी. करून पीएच. डी.साठी विद्यापीठात जात आहेत. त्यांचे कौतुक सर्वांनी केलेच आहे. मी मात्र थोडे रुक्ष बोलणार आहे. मला नियमांबद्दल बोलायचे आहे.

मी रसायनशास्त्राच्या संशोधनाला गेलो, तेव्हा कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. सात महिने शिष्यवृत्ती आली नाही. सरांना विचारले तर रागावतील, कचेरीत विचारले तर हसतील, म्हणून मी गप्प राहिलो. गावी वडिलांनी एक बैल विकून पैसे पाठवले. पुढे कळले की माझा रुजू झाल्याचा अहवाल एका सहीवाचून कपाटात पडून होता. सही पाच मिनिटांत झाली. विकलेला बैल मात्र परत आला नाही.

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. 1916 मध्ये ते लंडनला आले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये डी. एस्सी. झाले. बुद्धिमत्ता तर होतीच. पण वेळेवर परवानगी घेण्याची दक्षताही होती. ती आपण शिकली पाहिजे.

आता कामाच्या गोष्टी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच. डी.ला किमान तीन व कमाल सहा वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांपर्यंत मुदत वाढू शकते. महिला संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय बाळंतपण व बालसंगोपनासाठी एकूण 240 दिवसांपर्यंत रजा आहे. लग्न झाले, मूल झाले म्हणून मुलीचे संशोधन सोडवू नका, हे मी पालकांना हात जोडून सांगतो. सुरुवातीला किमान 12 श्रेयांकांचा अभ्यासक्रम असतो व त्यात किमान 55 टक्के गुण लागतात. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. ही समिती आपल्या मदतीसाठीही आहे. मार्गदर्शकांशी अडचण आली, तर ती तेथे मांडता येते. आपल्या विद्यापीठाची नियमावली पहिल्याच आठवड्यात मिळवून वाचा.

दुसरी गोष्ट पैशाची. नेट परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये झाली आणि दोन वर्षांनंतरच्या वरिष्ठ शिष्यवृत्तीची 42,000. वसतिगृहात जागा नसेल, तर नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता मिळतो. अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, तशीच पुण्याच्या बार्टीचीही आहे. 1990 च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. परंतु जातीचा दाखला योग्य नमुन्यात लागतो. तो आधीच काढून ठेवा. दिलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक व शिक्का घ्या.

तिसरी गोष्ट प्रयोगशाळेची. सुरक्षा चष्मा, कोट, बंद बूट यांत कसूर नको. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीच नाही. रात्री एकट्याने धोक्याचे प्रयोग करू नयेत. डोळे धुण्याचा नळ आणि अग्निशामक कोठे आहे, ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

ग्रंथालय म्हणजे केवळ पुस्तकांची देवघेव नव्हे. आधीचे हजारो प्रबंध 'शोधगंगा'वर विनामूल्य वाचता येतात. प्रबंधातील मजकुराचे साम्य तपासण्याची सोयही ग्रंथालयात विचारा. 2018 च्या नियमांनुसार साम्य 60 टक्क्यांहून जास्त आढळल्यास नोंदणीच रद्द होऊ शकते. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव द्या.

शेवटची गोष्ट मनाची. जातीवरून कोणी टोमणा मारला, कोणी छळ केला, तर खोलीचे दार लावून रडत बसू नका. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. अनुसूचित जाती-जमाती कक्ष, महिलांसाठी अंतर्गत तक्रार समिती, रॅगिंगविरोधी समिती यांची माहिती घेऊन ठेवा. रॅगिंगविरोधी दूरध्वनी 1800-180-5522 हा आहे. झोप लागत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, तर आरोग्य केंद्रात जा, समुपदेशकांना भेटा. त्यात कमीपणा नाही.

या सोयी कोणाची मेहेरबानी नाहीत. त्या तुमच्यासाठीच आहेत. पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

संस्थेला माझी एक विनंती आहे. आपल्यातले जे संशोधक दोन पावले पुढे आहेत, त्यांनी दर वर्षी जुलैमध्ये एक रविवार नव्या मुलांसाठी द्यावा, त्यांचे अर्ज तपासावेत. आपल्या एकाही घरातला बैल पुन्हा एका सहीपायी विकला जाऊ नये, एवढेच मागून मी थांबतो.

जय भीम.