तूर्मालेचा घाट : नियम आणि माणूस



घाट म्हटला की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे बोरघाट उभा राहतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतील स्पर्धकांची खरी कसोटी तेथेच लागते. फ्रान्समध्ये असाच मान पिरेनीज पर्वतातील तूर्माले घाटाला आहे. त्याचा माथा २,११५ मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईहूनही सुमारे ४७० मीटर अधिक उंच आहे. हिवाळ्यात हा रस्ता बर्फामुळे बंद असतो.

व्यावसायिक सायकलपटूंची 'तूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. तूर्मालेचा तीत समावेश झाला तो १९१० साली. त्यापूर्वी पाहणीस गेलेल्या आल्फाँस स्तैनेस यांची मोटार बर्फात अडकली आणि रात्री ते वाट चुकले. तरीही रस्ता जाण्यायेण्यास उत्तम असल्याची तार त्यांनी आयोजकांना केली, असे सांगतात. त्या तारेची किंमत स्पर्धकांनी मोजली. ३२६ किलोमीटरच्या त्या टप्प्यात ओक्ताव्ह लापीझ हा माथ्यावर प्रथम पोहोचला, तोही काही अंतर सायकल हाती धरून, पायी चालत. त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली.

परंतु या घाटाची खरी कथा १९१३ सालची आहे. विजयाचा एक प्रमुख दावेदार एझेन क्रिस्तोफ हा घाट उतरत असताना सायकलचे पुढचे चाक धरणारा चिमटा मोडला. दुरुस्ती स्पर्धकाने स्वतःच केली पाहिजे, कोणाचेही साहाय्य घेता कामा नये, असा तेव्हाचा कडक नियम होता. सायकल खांद्यावर टाकून क्रिस्तोफ कित्येक किलोमीटर चालला व पायथ्याच्या सेंत मारी द कांपां या गावी पोहोचला. तो मूळचा कुलुपे तयार करणारा कारागीर. गावच्या लोहारशाळेत त्याने स्वतःच्या हातांनी लोखंड तापविले, ठोकले आणि चिमटा सांधला. निरीक्षक उभे राहून सारे पाहत होते. दोन्ही हात कामात गुंतलेले असल्याने भाता मात्र एका मुलाने चालविला. तेवढ्या साहाय्याबद्दल क्रिस्तोफला दंडाची मिनिटे भरावी लागली! जवळजवळ चार तास गमावूनही त्याने शर्यत सोडली नाही. अखेरीस तो सातवा आला.

हा नियम मुळात अन्यायाचा नव्हता. ज्याच्या पाठीशी साधने अधिक, त्याने त्यांच्या बळावर पुढे जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. लोहारशाळेत नियमाचे अक्षर पाळले गेले, हेतू मात्र बाजूला राहिला. पुढे हे नियम शिथिल झाले. १९१९ साली शर्यतीतील पहिली पिवळी बंडी क्रिस्तोफच्याच अंगावर चढली. पण अंतिम विजय त्याला कधीच लाभला नाही.

आज त्या लोहारशाळेच्या जागी क्रिस्तोफच्या स्मरणार्थ फलक आहे. दंड करणाऱ्या निरीक्षकांची नावे फारशी कोणास ठाऊक नाहीत. नियम राबविणाऱ्या प्रत्येकाने हा फलक मनाशी जपून ठेवावा.