पिशवीवरचा डाग कुणाचा?
(छपाई गटाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी साधलेला संवाद)



आज हिशेबाआधी माझ्या एका चुकीबद्दल बोलते.

माघी गणेश जयंतीला महडच्या वरदविनायकाला गर्दी होते, म्हणून आपण 240 कापडी पिशव्या छापून दिल्या. त्यातल्या 40 दुकानदाराने परत पाठवल्या. मागच्या बाजूला तपकिरी डाग होता. मी विचार न करता म्हणाले, "हात धुवून कामाला बसत नाही तुम्ही." दोघींची मजुरीही कापली.

पुढच्या खेपेला गटातल्या एका मावशींनी ड्रायरमधून बाहेर येणाऱ्या पिशव्या मोजल्या. म्हणाल्या, "मॅडम, दर सहाव्या पिशवीला डाग आहे. हात असा मोजून लागतो का?" बेल्ट थांबवून पाहिला, तर शाईचा एक थेंब त्यावर जळून चिकटलेला. बेल्ट फिरून आला की तोच थेंब नव्या पिशवीखाली. तव्यावर जळकं पीठ राहिलं की पुढची भाकरी डागते, तसंच हे.

शाई पक्की व्हायला ड्रायरमध्ये साधारण 150 ते 160 अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्या उष्णतेत बेल्टवरची शाई आणि कापडाचा भुसाही भाजतो. तो डाग मग धुतला तरी जात नाही. पंख्याच्या जाळीत भुसा साठला तर हवा अडते, कुठे शाई कच्ची राहते, कुठे कापड करपतं. हीटरजवळचा भुसा पेटूही शकतो.

म्हणून आजपासून असं करूया:

1. काम संपलं की आधी फक्त हीटर बंद करा. बेल्ट थंड होईपर्यंत फिरू द्या, नाहीतर एकाच जागी करपतो.
2. मग मेन स्विच बंद करून मऊ ब्रशने भुसा काढा. ओल्या फडक्याने बेल्ट पुसा, कोरडा करा. सुरी, तारेचा ब्रश नको.
3. थिनर किंवा रॉकेल ड्रायरजवळ आणायचंच नाही.
4. जाळी दर आठवड्याला साफ करा.
5. सकाळी पहिल्या पिशवीआधी जुनं पांढरं कापड बेल्टभर फिरवून बघा.
6. सफाईची पाळी लावू. जिची पाळी, तिने वहीत सही करायची.

कापलेली मजुरी परत द्यायचा ठराव आज घेऊ. आणि त्या दोघी ताईंची मी सगळ्यांसमोर माफी मागते. यापुढे डाग दिसला तर आधी बेल्ट बघायचा. हे मलाही लागू आहे.