शाळेच्या कपाटाचें कुलूप काढा!

(जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेंत पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



हातांतलीं कामें टाकून आपण येथें आलांत, त्याअर्थीं लेकरांच्या विद्येची काळजी आपणांस आहे हें उघड आहे. म्हणून पाल्हाळ न लावतां मुद्द्याचेंच बोलतों. आज बहुतेक गांवीं शाळा आहे, मास्तर आहेत, शाळेचीं पुस्तकें फुकट मिळतात, आणि पुष्कळ शाळांत गोष्टींचीं पुस्तकेंही आलेलीं आहेत. पण हीं गोष्टींचीं पुस्तकें बरेच ठिकाणीं लोखंडी कपाटांत असतात, कपाटाला कुलूप असतें आणि किल्ली हेडमास्तरांच्या खणांत असते. ज्या पुस्तकाला मुलाचा हात लागत नाहीं तें पुस्तक आणि कणगींत किडलेलें बियाणें, यांत फरक तो काय? बियाणें रानांत पडलें तरच पीक येतें.

हें कुलूप कोणी लावलें? मास्तरांना नांवें ठेवून मोकळे होऊं नका. शाळेंत आलेली वस्तु नोंदवहींत चढते. ती हरवली कीं जाब मास्तरांना द्यावा लागतो. म्हणून बिचारा मास्तर पुस्तकें जपतो. पुस्तकें जपलीं जातात आणि मुलें मात्र कोरडीं राहतात. ही भीति काढणें आपल्या हातांत आहे.

आपल्या वाडवडिलांच्या विद्येला जातीचें कुलूप होतें. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढून त्यावर घाव घातला. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं स्पष्ट सांगितलें कीं, सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि त्यांतला विद्येवरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पदरांत पडतो. आज कायदा आपल्या बाजूचा आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यांत प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, आणि त्यांत वर्तमानपत्रें, मासिकें व गोष्टींचीं पुस्तकें असावींत, असें लिहिलें आहे. तेव्हां हीं पुस्तकें कोणाची मेहेरबानी नव्हे. तीं आपल्याच पैशाचीं आहेत. जातीचें कुलूप फोडण्यास थोरांनीं आयुष्यें वेंचलीं, आणि दोन रुपयांच्या कुलपापुढें आपण हात जोडून बसावें काय?

बडोद्याचे सयाजीराव महाराज १८६३ सालीं नाशिक जिल्ह्यांतल्या कवळाणें गांवीं शेतकऱ्याच्या घरीं जन्मले. १८७५ सालीं दत्तक जाईपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. त्याच पुरुषानें १९०६ सालीं सबंध संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. पण शाळा काढून भागत नाहीं, शाळा सुटल्यावर वाचायला कांहीं नसेल तर शिकलेलें अक्षर पुसून जातें, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून १९१० सालीं अमेरिकेंतून बॉर्डन नांवाचे ग्रंथपाल आणवून त्यांनीं ग्रंथालयांचें खातें उघडलें. लांकडी पेट्यांत पुस्तकें भरून त्या खेडोपाडीं फुकट धाडल्या जात. वाचणारा पुस्तकाकडे येऊं शकत नसेल तर पुस्तकानें वाचणाऱ्याकडे जावें, हा त्यांतला धडा.

कोणी म्हणेल, "शाळेचें पुस्तक आहे कीं, मग या राजाराणीच्या गोष्टी कशाला? वेळ फुकट!" बाबांनो, शाळेचा धडा वर्गांत दहा वेळां म्हटला जातो. मूल तो पाठ करतें आणि बोट भलत्याच ओळीवर ठेवून घडाघडा म्हणतें. आपणांस वाटतें, पोर वाचूं लागलें. गोष्टीच्या पुस्तकांत पुढें काय होणार हें त्याला ठाऊक नसतें. तें कळावें म्हणून त्याला अक्षर न् अक्षर पाहावें लागतें. खरें वाचन तेथें शिकतात. आणि ज्याला खरें वाचतां येतें, त्याला पुढें सातबारा, पीकविम्याचा कागद वा सावकाराचा दस्तऐवज दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत नाहीं. जो न वाचतां अंगठा वा सही करतो, त्याची जमीन कशी जाते, हें मीं तुम्हांला सांगायला नको.

आतां करायचें काय तें ऐका. पुस्तकें कपाटांतून काढून मुलांच्या हाताला लागतील इतक्या खालीं मांडा. आपल्यांत सुतार आहेत. त्यांनीं भिंतीला चार फळ्या ठोकल्या कीं मांडणी तयार. पुस्तक मुलानें आपल्या मनानें निवडावें, आवडलें नाहीं तर बदलावें. आठवड्यांतून एक दिवस नेमून पुस्तक घरीं न्यावें. देण्याघेण्याची वही चौथीचीं मुलें आनंदानें ठेवतील. पुस्तक फाटणारच, कारण वापरलेलें जोतेंही झिजतें. तें शिवायला आरी, जाड दोरा आणि कणकेची खळ पुरे. हें सामान आपल्या कारागीर भावांच्या घरीं आहे आणि हातांत कसबही आहे. महिन्यांतून एक सांज त्यांनीं शाळेला द्यावी.

दसरा-दिवाळीनंतर जीं कुटुंबें ऊसतोडीला जातात, त्यांच्या मुलांबरोबर बडोद्यासारखी एक पेटी जाऊं द्या. फडावर शाळा नसली तरी पुस्तक असावें. आणि मुलींना विसरूं नका. मुलगा वाचतो आणि मुलगी भांडीं घासते, असें ज्या घरीं चालतें त्या घरीं विद्या अर्धीच आली.

मायबहिणींनो, "आम्हांला वाचतां येत नाहीं, आम्ही काय करावें?" असें म्हणूं नका. जेवणें झाल्यावर मोबाइल बाजूला ठेवा आणि लेकराला म्हणा, "बाळ, आज काय आणलेंस तें मला वाचून दाखव." आईनें कान दिला कीं पोराला हुरूप येतो. तो अडखळला तर हंसूं नका.

शेवटचें सांगतों. त्याच कायद्यान्वयें शाळेची व्यवस्थापन समिति असते. तिच्यांत निदान तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे ती समिति तुमची आहे. पुढच्या बैठकींत दोन प्रश्न विचारा : ग्रंथालयासाठीं किती पैसे आले, आणि या महिन्यांत किती पुस्तकें मुलांच्या घरीं गेलीं? मग ठराव करा कीं, वापरतांना पुस्तक फाटलें वा हरवलें तर मास्तरांवर बोट ठेवायचें नाहीं; त्याची जबाबदारी समितीची. असा लेखी ठराव हातीं पडला कीं मास्तर स्वतःहून किल्ली काढून देतील.

जोंधळ्याचें कणीस चोरीला जाईल म्हणून कोणी पेरणी थांबवीत नाहीं. दहा पुस्तकें हरवलीं आणि दहा पोरें वाचूं लागलीं, तर हा सौदा रयतेच्या फायद्याचाच आहे.