ओळख आणि पाठांतर

नुकतेच बोलू लागलेले मूल कुत्र्याला ‘भू-भू’ म्हणते आणि रस्त्याने जाणाऱ्या गाईलाही तेच नाव देते. घरची माणसे हसतात. परंतु त्या चुकीमागे बुद्धीचे मोठे कार्य दडलेले असते. चार पाय आणि शेपूट एवढ्या साम्यावरून मुलाने एक वर्ग बांधलेला असतो. ‘ही हम्मा’ असे वारंवार ऐकून तो वर्ग आखूड होतो व शेजारी दुसरा उभा राहतो. व्याख्या त्याला कोणी सांगत नाही. उदाहरणे आणि चुकांची दुरुस्ती, एवढ्यावर त्याचे शिक्षण चालते.

भाषेवाचून हे साधते काय? 1964 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात हर्न्स्टाइन व लव्हलँड या संशोधकांनी कबुतरांपुढे बाराशेहून अधिक छायाचित्रे ठेवली. चित्रात माणूस असताना टोच मारली तर दाणे मिळत. नसताना मारली तर मिळत नसत. माणूस कधी एकटा, कधी घोळक्यात, कधी झाडाआड अर्धा झाकलेला. तरीही कबुतरे नव्या चित्रांतही माणूस ओळखू लागली.

2015 साली लेव्हन्सन, वॉसरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांना स्तनाच्या पेशीजालाची सूक्ष्मदर्शकातील चित्रे दाखविली. कर्करोगाचे कोणते व निरुपद्रवी कोणते, हे ती सुमारे पंधरा दिवसांत शेकडा 85 च्या आसपास अचूक सांगू लागली, आणि नव्या चित्रांतही त्यांचा निर्णय टिकला. त्याच संशोधनात पुढे क्ष-किरण चित्रांतील गाठी दाखविण्यात आल्या. या गाठींतील भेद तज्ज्ञ डॉक्टरांनाही कठीण वाटतो. सरावाची चित्रे कबुतरांनी हळूहळू बरोबर ओळखली. नवी चित्रे समोर येताच मात्र त्यांचा सारा अंदाज कोसळला. त्यांनी गाठ ओळखली नव्हती, केवळ चित्रे पाठ केली होती.

सरावाच्या चित्रांपुरते पाहिले तर दोन्ही प्रकारांत यश सारखेच भासले असते. खरा भेद उघड केला तो न पाहिलेल्या चित्राने.

शाळेतील मुलाचेही असेच घडते. फळ्यावरचा त्रिकोण नेहमी पायावर सपाट उभा असेल, तर ‘तीन बाजूंची बंद आकृती’ ही व्याख्या बिनचूक म्हणणारे मूलही तिरका त्रिकोण पाहून गोंधळते. तीन बाजूंऐवजी त्या बैठकीलाच त्याने त्रिकोणाचे लक्षण मानलेले असते. दोष मुलाचा नव्हे. उदाहरणेच एकाच घडणीची होती. त्याला निमुळता, बुटका, उलटा, असे अनेक त्रिकोण दाखवावे लागतात. शिवाय एक कोपरा उघडा राहिलेली आकृतीही दाखवावी लागते. कारण काय त्रिकोण नव्हे, हे कळल्यावाचून त्रिकोणाची सीमा कळत नाही. त्यानंतर पुस्तकात नसलेली एक आकृती पुढे ठेवावी. तीवर मूल जे उत्तर देईल, त्यावरून ते खरोखर काय शिकले हे समजेल.