मनाचा वैद्य शोधताना
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेले व्याख्यान)



आदिलाबादच्या बसस्थानकावर उभ्या राहणाऱ्या माणसापुढे दोन वाटा असतात. उत्तरेकडे जाणारी गाडी पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याला आणि पुढे यवतमाळ-नागपूरकडे नेते. दक्षिणेकडची निर्मलवरून हैदराबादला पोहोचवते. हाड मोडले, डोळ्यात मोतीबिंदू उतरला, तर कोणती गाडी धरावी हे या जिल्ह्यातील मराठी कुटुंबाला कोणी सांगावे लागत नाही. घरातील कर्ता पुरुष मात्र तीन आठवडे झोपेविना तळमळत असेल, कापसाच्या वेचणीच्या दिवसांतही शेताकडे फिरकत नसेल, किंवा नुकतीच बाळंत झालेली सून मुलाला जवळ घेण्यासही नकार देत असेल, तर कोणत्या गाडीत बसावे हे उमगत नाही. मग बसणे होते ते घरीच, नाहीतर एखाद्या देवर्षीच्या अंगणात.

या जिल्ह्याची घडणच अशी आहे की, हा प्रश्न येथे अन्य ठिकाणांपेक्षा अधिक बिकट व्हावा. निजामी राजवटीत उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत हा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, २०१४ साली तेलंगणात आला आणि २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. नकाशा बदलत राहिला. बेला, जैनद, तामसी या भागांतील घरांच्या ओसरीवरची मराठी काही बदलली नाही. त्यांच्या शेजारी गोंडी आहे, कोलामी आहे, बाजारात दखनी उर्दू आहे आणि कचेरीत तेलुगू. येथील सामान्य माणूस चार भाषांत सौदा करू शकतो. पण चार भाषांत सौदा करणारा माणूस रडतो बहुधा एकाच भाषेत.

मनाचा योग्य वैद्य शोधण्याचे सारे मर्म या एका गोष्टीत सामावलेले आहे. मूतखड्याच्या रुग्णाने दुखते ते ठिकाण बोटाने दाखवले तरी निम्मे काम होते. बाकीचे यंत्र सांगते. मनाच्या दुखण्यात तपासायचा ऐवज आणि तपासण्याचे साधन, दोन्ही शब्दच असतात. मराठी बाई म्हणते, ‘जीव घाबरा होतो’, ‘कशातच मन लागत नाही’, ‘आतून पोखरल्यासारखं वाटतं’. यांपैकी पहिले वाक्य भीतीचे आहे, दुसरे उदासीनतेचे, आणि तिसरे कदाचित एखाद्या जुन्या अपराधी भावनेचे. दुभाष्याने या तिन्ही वाक्यांचे तेलुगूत ‘दिगुलु’ असे एकच भाषांतर केले, तर ते चूक म्हणता येणार नाही. मात्र वैद्याच्या हाती तीन धाग्यांऐवजी एकच धागा लागतो.

शिवाय दुभाषी म्हणून बसते कोण? बहुतेक वेळा सून, मुलगा, कधी शाळकरी नातू. ज्या सुनेमुळे सासूची झोप उडाली आहे, तिच्याच तोंडून सासूने आपले दुःख डॉक्टरांना सांगावे, ही अपेक्षा किती विचित्र आहे! नवऱ्याच्या दारूविषयी बायकोने बोलायचे आणि तो नवराच भाषांतर करणार. अशा भेटीतून ‘डोके दुखते, झोप येत नाही’ एवढेच बाहेर येते आणि झोपेच्या गोळ्या घेऊन मंडळी घरी परततात. दुभाषी लागणारच असेल तर तो घराबाहेरचा असावा: एखादी परिचारिका, एखादा जबाबदार कर्मचारी. मुलांना तर या कामाला कधीच बसवू नये.

वैद्य शोधण्याआधी कोण काय करतो, हे ठाऊक असले पाहिजे. आपली वृत्तपत्रे ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा एकच शब्द सर्वांना लावतात आणि त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकशास्त्राचा पदवीधर असून त्याने पुढे मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते. मेंदूवर काम करणारी औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. तो चाचण्या घेतो आणि बोलण्याच्या शास्त्रशुद्ध पद्धतीने उपचार करतो. १९९२ च्या कायद्यान्वये आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत त्याचे नाव असावे लागते आणि त्याचा नोंदणी क्रमांक विचारण्यात अनादर काहीच नाही. तिसरा समुपदेशक. या शब्दाखाली उत्तम प्रशिक्षण घेतलेली माणसेही येतात आणि दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलीही. समुपदेशकांसह अनेक आरोग्य व्यवसायांना नियमांच्या चौकटीत आणणारा कायदा २०२१ साली संमत झाला. तरीही चौकशी करण्याची जबाबदारी रुग्णाच्या घरच्यांवरच आहे, असे समजून चालावे.

आता जिल्ह्यात काय आहे, ते पाहू. आदिलाबाद शहरात २००८ पासून राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘रिम्स’, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मनोविकार विभाग आलाच. पहिली पायरी तीच असावी, किंवा त्याहूनही आधी गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र. थायरॉइडचा दोष, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही माणूस मलूल, चिडचिडा, निरुत्साही होतो. साध्या रक्ततपासणीने ते कळते आणि पुढचे सहा महिने वाचतात. सरकारी बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत एका रुग्णाच्या वाट्याला थोडी मिनिटे येतात, हे मान्य केले पाहिजे. निदान आणि औषध यांना तेवढा वेळ पुरू शकतो. मन मोकळे करायला पुरत नाही. म्हणून औषध एकीकडे आणि बोलणे दुसरीकडे, अशी व्यवस्था करावी लागली तर त्यात वावगे काही नाही. दोघांना एकमेकांविषयी ठाऊक असले म्हणजे झाले.

नदीपलीकडे पाहावे तर यवतमाळ, नांदेड, सेवाग्राम आणि नागपूर येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत आणि तेथे मराठीत बोलण्याची सोय आहे. केरामेरी भागातील परमडोली, मुकदमगुडा यांसारख्या गावांवर तर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथील रहिवाशांनी या वादाचा एवढा तरी लाभ घ्यावा! पण दूरच्या उपचारात एक अडचण आहे. बोलण्याचा उपचार एका भेटीत होत नाही. त्याला बहुधा सहा-आठ, कधी त्याहून अधिक बैठका लागतात, त्याही आठवड्या-पंधरवड्याच्या अंतराने. आदिलाबादहून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद सुमारे तीनशे. मजुरी बुडवून आठ वेळा एवढा प्रवास कोण करणार? दुसऱ्या खेपेनंतर बहुतेकांचा उत्साह मावळतो आणि ‘उपचार करून पाहिला, गुण आला नाही’ असा शिक्का मात्र कायमचा बसतो.

हे अंतर अलीकडे काहीसे कमी झाले आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकसेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली; त्यामुळे नागपूरच्या वा पुण्याच्या मराठी तज्ज्ञाशी दूरध्वनीच्या पडद्यावरून बोलता येते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. सेवा विनामूल्य, अहोरात्र, आणि भाषा निवडण्याची मुभा असलेली. तिच्या भाषांत तेलुगूही आहे आणि मराठीही. मात्र दोन खोल्यांच्या घरात, सासू स्वयंपाकघरात आणि मुले ओसरीवर असताना, फोनवर मन कोठे मोकळे करावे, हा प्रश्न कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वांनी सोडवलेला नाही. ज्यांना जमेल त्यांनी शेताचा बांध गाठावा.

लाजेचा अडथळा याहून मोठा. मराठीत ‘ठाणे’, ‘येरवडा’ आणि ‘नागपूर’ ही गावांची नावे वेडाच्या इस्पितळांमुळे कुचेष्टेचे शब्द झाली. तेलंगणात तेच स्थान हैदराबादच्या ‘एर्रगड्ड्या’ला लाभले. आदिलाबादच्या मराठी माणसाच्या कानी दोन्हीकडची कुचेष्टा पडते. त्यात गाव लहान. औषधाच्या दुकानातला मुलगा भाचा निघतो, आणि मनोविकार विभागासमोरच्या बाकावर बसले की सायंकाळपर्यंत बातमी मोंढ्यात पोहोचते. या भीतीला हसू नये. मुलीचे लग्न मोडण्याची धास्ती वाटणारा बाप मूर्ख नसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. पहिल्याच भेटीत ‘येथे बोललेले कोणाकोणाला कळेल?’ असे सरळ विचारावे. जिवाला धोका असल्यास घरच्यांना सांगावे लागते, असे चांगला तज्ज्ञ स्वतःहून सांगतो. बाकी मौन पाळतो.

पहिल्या भेटीत आणखी काय पाहावे? समोरचा माणूस ऐकतो किती आणि सांगतो किती, हे प्रथम पाहावे. पाच मिनिटांत ‘मन खंबीर करा’ असा उपदेश करणारा कितीही पदव्यांचा धनी असला तरी या कामाचा नव्हे; तो उपदेश गावातले पाच जण फुकट करतात. उपचार कोणत्या पद्धतीचा, किती बैठकांचा, किती खर्चाचा, आणि फरक कशावरून ओळखायचा, याची उत्तरे साध्या शब्दांत मिळाली पाहिजेत. ‘हमखास बरा करतो’ म्हणणारा, औषधाचे नाव न सांगता पुड्या देणारा, आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या एकदम बंद करायला लावणारा, या तिघांना पहिल्याच दिवशी रामराम ठोकावा. उलट, उदासीनतेवरील गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणे हा उतावीळपणा होय. चार-सहा बैठकांनंतरही ‘हा माणूस आपले दुखणे समजलाच नाही’ असे वाटत असेल, तर ते त्याला सांगावे आणि दुसरा शोधावा. चांगला तज्ज्ञ त्याचा राग धरीत नाही.

पदवीधर तज्ज्ञ जवळपास नसला म्हणजे सारे खुंटले, असेही नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगथ’ या संस्थेने स्थानिक, मनोविज्ञानाची पदवी नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन तीव्र उदासीनतेच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका करवल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यातील ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा असाच प्रयोग झाला. तेथे उदासीनतेने ग्रस्त असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. अमरावतीचा कापूस आणि आदिलाबादचा कापूस, दोन्हींचे दुःख सारखेच. तेथे जे गावातल्या बाईने गावातल्या भाषेत केले, ते येथे मराठीत, तेलुगूत, आणि ज्यांच्यापर्यंत यांपैकी काहीच पोहोचत नाही त्या गोंड-कोलामांच्या बोलींत करता येण्यासारखे आहे.

एका परिस्थितीत मात्र योग्य-अयोग्य तज्ज्ञाची निवड करीत बसू नये. ‘आता जगून काय करायचे’ असे शब्द निघू लागले, माणूस देणी-घेणी मिटवू लागला, जनावरे दुसऱ्याकडे सोपवू लागला, तर त्याच दिवशी जवळचे रुग्णालय गाठावे, त्याला एकटे सोडू नये आणि कीटकनाशकांचे डबे घरातून व गोठ्यातून हलवून दुसऱ्याकडे कुलपात ठेवावेत. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. तो अनावर क्षण टळला तर पुष्कळ माणसे जगतात. ‘मरणाचा विचार येतो का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट विचारणारा कोणी आहे, एवढ्याने ओझे हलके होते.

ग्रंथालयाचा या साऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. मराठीत या विषयाची भाषा घडवण्याचे काम गेल्या काही दशकांत झाले आहे. पुण्याला १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी व्यसनमुक्तीसाठी ‘मुक्तांगण’ उभारले. ठाण्याला १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू झाली, कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसापर्यंत आणली. या कामातून निघालेली पुस्तके ग्रंथालयाच्या कपाटात असतील तर ती दर्शनी भागात यावीत. जे लोक डॉक्टरांच्या बाकावर बसायला लाजतात, ते वाचनालयाच्या बाकावर निःसंकोच बसतात.

आणि सूचनाफलकावर एक कागद लावावा. जिल्ह्यातील व नदीपलीकडील तज्ज्ञांची नावे, शिक्षण व नोंदणी क्रमांक, बसण्याचे वार, शुल्क, एवढे रकाने तर त्यात हवेतच. पण पाचवा रकाना भाषेचा असावा, आणि तो दूरध्वनीवर स्वतः विचारून भरलेला असावा. वर्षातून दोनदा तो कागद पडताळून पाहण्याचे काम कार्यकारिणीने एका सभासदाकडे सोपवावे.