पन्नास यार्डांतील अजिंक्यपद

१९८७ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फुटबॉलची एक अशी स्पर्धा भरली, की जिच्यात उतरलेल्या चार संघांपैकी एकालाही पूर्वपरंपरा नव्हती, किंबहुना ज्या खेळाचे ते सामने होते त्या खेळालाच ती नव्हती. आणि तरीही त्या हंगामाच्या अखेरीस डेन्व्हरच्या ‘डायनामाइट’ संघाने जे अजिंक्यपद मिळवले, त्याचे मोल माझ्या मते जुन्या व नामांकित अजिंक्यपदांहून तसूभरही कमी नाही. असे मी का म्हणतो, तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

हा खेळ म्हणजे छपराखाली, बंदिस्त क्रीडागृहात खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. त्याचे जनक जिम फॉस्टर. १९८१च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बंदिस्त जागेतील सॉकरचा सामना पाहत असता, आपल्या देशाचा फुटबॉलही या चौकटीत का बसू नये, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि जवळच्या एका पाकिटावरच त्यांनी त्याचा आराखडा रेखाटला. मध्यंतरी वसंत ऋतूत सामने भरवणारी एक नवी व्यावसायिक संघटना उदयास आली, फॉस्टर तिच्या संघांच्या कारभारात गुंतले, आणि ही तजवीज काही वर्षे तशीच पडून राहिली. ती संघटना डबघाईला आल्यावर १९८६च्या एप्रिलमध्ये इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे प्रयोगादाखल एक सामना झाला, व पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग, वॉशिंग्टन, शिकागो आणि डेन्व्हर या शहरांच्या नावे चार संघ उभे राहिले.

या खेळाचे सारे रहस्य जागेच्या मर्यादेत आहे. मोकळे मैदान १०० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद. येथे बर्फावरील हॉकीच्या रिंगणाएवढीच जागा मिळत असल्यामुळे लांबी ५० यार्डांवर आली आणि रुंदी ८५ फुटांवर. अकरा खेळाडूंच्या जागी आठ आले. गोलाच्या खांबांतील अंतर अवघे ९ फूट राहिले, आणि त्यांच्या दोन्ही अंगांस उंच जाळ्या ताणण्यात आल्या. त्यांवर आपटून परत आलेला चेंडू खेळातच राहतो, त्यामुळे हुकलेली लाथही प्रतिपक्षाच्या हाती नवी संधी देऊन जाते. संकट ओढवले असता चेंडू लाथेने दूर पिटाळून वेळ मारून नेण्याची जी सवलत मोकळ्या मैदानावर आहे, तिला येथे साफ मनाई आहे.

परंतु या मर्यादेचा सर्वांत मोठा परिणाम झाला तो खेळाडूवर. मोकळ्या मैदानावरील व्यावसायिक फुटबॉलने १९५० साली खेळाडू हवे तेव्हा व हवे तितके बदलण्याची मुभा कायम केली, आणि तेव्हापासून आक्रमणाची माणसे निराळी व बचावाची निराळी अशी वाटणी इतकी दृढ झाली, की १९६० साली फिलाडेल्फियाचा चक बेडनारिक दोन्ही कामे करू लागला तेव्हा त्याकडे लोक नवलाने पाहू लागले. बंदिस्त फुटबॉलने आक्रमणाचा सूत्रधार असलेला क्वार्टरबॅक आणि इतर मोजके जण वगळता ही वाटणीच रद्द केली. आपल्या कबड्डीत चढाई करून आलेला गडी जसा लगेच पकडीसाठी साखळीत उभा राहतो, तसा येथे २००७ सालापर्यंत आत्ता धावत जाऊन चेंडू झेलणारा मनुष्य पुढच्या क्षणी दुसऱ्याला अडवण्यास सिद्ध असावा लागे. आपले वैगुण्य झाकण्यास त्याला आडोसा म्हणून उरत नसे.

या कसोटीवर डेन्व्हरचा हंगाम पाहावा. प्रत्येक संघाच्या वाट्यास सहाच सामने होते. १९ जून रोजी पिट्सबर्गने वॉशिंग्टनला ४८ विरुद्ध ४६ गुणांनी हरवले, आणि या खेळात गुणांचा पाऊस पडणार, अडवणाऱ्याचे काम कठीण होणार, हे पहिल्याच दिवशी उघड झाले. टिम मार्कम यांच्या मार्गदर्शनाखाली डेन्व्हरने सहांपैकी चार सामने जिंकले, दोन गमावले. १ ऑगस्ट रोजी हा संघ अंतिम सामन्यास उतरला तो पिट्सबर्गच्याच सिव्हिक अरीनामध्ये, म्हणजे प्रतिपक्षाच्या घरी, त्याच्याच पाठीराख्यांच्या गर्दीसमोर. आणि तेथे त्याने ४५ विरुद्ध १६ असा निर्विवाद विजय संपादन केला. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान चेंडू झेलण्यात निष्णात असलेल्या गॅरी मलन याला लाभला. लोकांच्या नजरेत ते ४५ गुण भरले असतील. मला मात्र ते १६ अधिक मोलाचे वाटतात. ज्या खेळात हरणाऱ्यानेही ४६ गुण करावेत, त्यात यजमानांना १६वर रोखून धरणे हे दमछाक सोसून दुसऱ्या कामाशीही इमान राखणाऱ्यांनाच साधते.

या संघाला आपल्या यशाचा उपभोग फार काळ घेता आला नाही. १९८८च्या हंगामात तो उतरलाच नाही. १९८९ साली तो परतला आणि १९९१नंतर त्याची कारकीर्द संपली. मार्कम मात्र डेट्रॉइटला गेले, तेथे लागोपाठच्या दोन वर्षी विजयी झाले, आणि पुढे एकंदर सात अजिंक्यपदे त्यांच्या नावावर जमा झाली. तेव्हा डेन्व्हरचे यश हा पहिल्या वर्षीच्या गोंधळात लाभलेला योगायोग होता, असे म्हणण्यास जागा उरत नाही.

संघ किती वर्षे टिकला आणि त्याच्या दफ्तरी किती चषकांची नोंद आहे, यावरून त्याची योग्यता ठरवण्याची आपल्याला सवय आहे. ती योग्यता खेळाडूंकडून काय मागितले गेले आणि त्यांनी काय दिले, यावरून ठरवावी, असे माझे निवेदन आहे. डेन्व्हरच्या खेळाडूंकडे त्या उन्हाळ्यात दोन माणसांचे काम मागितले गेले. त्यांनी ते पुरे केले, आणि ते अजिंक्यपद त्यांच्या हक्काचे झाले.